पुण्याचें लाल देऊळ

शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील खेडुतांच्या तोंडीं 'ससून' हा शब्द इतका रुळलेला आहे कीं, तें एका मनुष्याचें नांव होतें याची आठवणहि कोणास राहिलेली नाहीं. शिक्रापुराहून नगर रस्त्यानें दुखणाइताला गाडींत घालून निघालेलीं माणसें 'ससूनला नेतों' एवढेंच सांगतात. आणि ऐकणारास त्या एका शब्दांत रुग्णालय, औषध, भीति आणि आशा हीं सर्व एकदम कळतात. ज्याच्या देणगीनें तें रुग्णालय उभें राहिलें तो बगदादहून आलेला यहुदी व्यापारी होता, मुंबईसारख्या शहरांत इंग्रजांच्या पंक्तीस बसूनहि त्यानें आपला अरबी पोषाख सोडला नाहीं, आणि याच पुण्यांत, त्या रुग्णालयापासून फार दूर नसलेल्या एका लाल इमारतीच्या आवारांत, तो चिरनिद्रा घेत पडला आहे, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल.

ती इमारत म्हणजे लष्कर भागांतील 'लाल देऊळ'. तिचें खरें नांव 'ओहेल डेव्हिड', म्हणजे दाविदाचा तंबू. दावीद हा इस्राएल लोकांचा राजा, आणि डेव्हिड हेंच देणगीदाराचेंहि नांव. दोघांना एका शब्दांत गुंफण्याची ही युक्ति आपल्या वाचकांस नवीन वाटूं नये, कारण देवालाच दात्याचें नांव जोडून 'अमुकेश्वर' स्थापण्याची चाल आपल्याकडेहि जुनी आहे. पण पुण्यानें तें हिब्रू नांव कधीं फारसें उच्चारलें नाहीं. लोकांनीं विटांचा रंग पाहिला, आंत कोणी तरी देवाची प्रार्थना करतात एवढें ऐकलें, आणि 'लाल देऊळ' म्हणून ते मोकळे झाले. मौज अशी कीं, कुलाब्याकडील जे मराठीभाषी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, ते स्वतः आपल्या प्रार्थनामंदिरास पूर्वापार 'मशीद' म्हणत आले. सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझेकिएल यानें मुंबईंत १७९६ सालीं बांधलेलें मंदिर ती 'जुनी मशीद', आणि १८४० च्या सुमारास झालेलें दुसरें मंदिर ती 'नवी मशीद'. आगगाडीच्या 'मशीद' स्थानकाचें नांवहि या जुन्या मशिदीवरून पडलें असें सांगतात. आणि परगांवचा जो पाहुणा लाल देवळासमोर प्रथमच उभा राहतो, तो उंच मनोरा आणि टोकदार कमानी पाहून तें चर्च आहे अशी खूणगांठ बांधतो. एकाच धर्माच्या मंदिरास देऊळ, मशीद आणि चर्च अशीं तिन्ही नांवें मिळावीं, आणि त्याचें स्वतःचें नांव मात्र पाटीवर राहावें, असा योग क्वचितच येत असेल.

या वास्तूसंबंधीं सामान्यतः दोन अभिप्राय ऐकूं येतात. एक स्तुतीचा : इस्राएल देश वगळतां आशिया खंडांत एवढें मोठें यहुदी मंदिर दुसरें नाहीं. दुसरा निंदेचा : हें क्रूस काढून घेतलेलें चर्च आहे, यांत यहुद्यांचें असें कांहीं नाहीं आणि पुण्याचें तर त्याहूनहि नाहीं. पहिल्या अभिप्रायाकडे आम्ही फारसें लक्ष देत नाहीं. वास्तूची थोरवी फूटपट्टीनें मोजावयाची म्हटली तर आगगाडीच्या गुदामांनाहि देव्हाऱ्यांत बसवावें लागेल. दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. तो खरा असेल तर लाल देऊळ हें धनिकाच्या हौसेचें एक स्मारक, यापलीकडे त्यास किंमत उरत नाहीं. आणि तो खोटा असेल तर कां खोटा, हें इमारतीकडे पाहूनच सांगितलें पाहिजे, दात्याच्या पुण्याईकडे बोट दाखवून नव्हे.

तरी पण दात्याचा वृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. डेव्हिड ससून १७९२ सालीं बगदाद येथें जन्मला. त्याचा बाप तेथील पाशाचा खजिनदार आणि यहुदी समाजाचा पुढारी होता. दाऊद पाशाच्या अमदानींत यहुद्यांवर संकट आलें तेव्हां डेव्हिडनें बगदाद सोडलें. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर येथें कांहीं काळ काढून १८३२ मध्यें तो मुंबईस आला. पुढें तीस वर्षांत त्याची पेढी चीनपासून इंग्लंडपर्यंत पसरली. या संपत्तींत कापूस होता, कापड होतें, आणि अफूहि होती. चिनी लोकांच्या व्यसनावर पोसलेल्या पैशाचा एक भाग पुण्याच्या रोग्यांच्या औषधपाण्यास लागला, ही गोष्ट चरित्रकार अनेकदां हळूच ओलांडून जातात. आम्ही ती येथें नमूद करून ठेवतों, कारण दानाच्या इमारतींकडे पाहतांना पैशाचा उगम विसरणें ही एक प्रकारची अरसिकताच होय.

पुणें हें त्या काळीं मुंबई सरकारचें पावसाळ्यांतलें ठाणें होतें. गव्हर्नर येई, त्यामागोमाग कचेऱ्या येत, आणि त्यांच्यामागें व्यापारी. १८६३ च्या एप्रिलांत बोरघाटांतून आगगाडीचा रस्ता खुला झाला आणि मुंबई-पुण्याचें अंतर एकदम आटलें. अमेरिकेंतल्या यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. याच वर्षीं लाल देवळाच्या बांधकामास प्रारंभ झाला. रुग्णालयाचाहि पाया त्याच वर्षीं घातला गेला. परंतु डेव्हिड ससूननें दोहोंपैकीं एकहि इमारत पुरी झालेली पाहिली नाहीं. १८६४ च्या नोव्हेंबरांत तो पुण्यांतच वारला, आणि १८६७ सालीं मंदिर पूर्ण झालें तेव्हां त्याची कबर त्याच्या आवारांत होती. निवडुंग विठोबाजवळचें अनाथ पंगुगृहहि त्याच्याच नांवानें चालत आलें आहे. विठोबाच्या शेजारीं यहुद्यानें दिलेलें पंगुगृह असावें आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटूं नये, ही पुण्याची एक चांगली बाजू आहे. पुण्याला नांवें ठेवणारांनीं तीहि ध्यानांत ठेवावी.

मंदिराचा शिल्पी हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स हा लष्करी इंजिनिअर होता. ससून रुग्णालय, येरवड्याकडील डेक्कन कॉलेजची इमारत आणि मुंबईचें १८७४ त पुरें झालेलें सचिवालय हीं सर्व त्याच हातचीं. विल्किन्सला गॉथिक घाट प्रिय होता, आणि त्या पिढींतल्या इंग्रज शिल्प्यांना तो एखाद्या धर्मश्रद्धेसारखा चिकटला होता. रुग्णालय असो, विद्यालय असो, सरकारी कचेरी असो, टोकदार कमान आणि मनोरा यांवांचून त्यांचें पान हलत नसे. तेव्हां लाल देऊळ चर्चासारखें दिसतें यांत यहुद्यांनीं ख्रिस्ती होण्याची हौस दाखविली असें म्हणतां येत नाहीं. तसें म्हणावयाचें तर मुंबईच्या सचिवालयांतले कारकूनहि बाटले असें म्हणावें लागेल! दात्याला शिल्पशैलीचा अमुक एक आग्रह होता असेंहि दिसत नाहीं. त्याच दशकांत त्यानें भायखळ्यास 'मागेन डेव्हिड' हें दुसरें मंदिर उभारलें. त्याचें तोंड रोमन धर्तीच्या खांबांचें आहे. एकाच माणसाच्या पैशानें जवळजवळ एकाच वेळीं एक मंदिर रोमन थाटाचें आणि एक गॉथिक थाटाचें होतें, याचा अर्थ इतकाच कीं, बाह्यरूप त्यानें शिल्प्यावर सोंपविलें आणि आंतली व्यवस्था धर्मशास्त्रावर.

आणि येथेंच आक्षेपकांच्या तर्कांतली मुख्य चूक आहे. यहुदी मंदिराला बाहेरून कसें दिसावें याचें शास्त्र नाहीं. आपल्याकडे शिखर, मंडप, गर्भगृह यांचीं मानें ठरलेलीं आहेत. तसें तेथें कांहीं नाहीं. जेथें धर्मग्रंथाची गुंडाळी आहे आणि प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष जमूं शकतात तेथें मंदिर झालें. त्यामुळें हा समाज ज्या देशांत गेला त्या देशाचें घर त्यानें देवाला दिलें. चीनमध्यें काइफेंग येथें यहुद्यांचें मंदिर होतें तें चिनी देवालयाच्या धर्तीचें होतें. कोचीनचें १५६८ मधलें परदेशी मंदिर केरळी कौलारू छपराखालीं नांदतें. रेवदंड्याचें १८४२ मधलें 'बेथ एल' आणि अलिबागच्या इस्राएल आळींतलें 'मागेन आबोथ' हीं गांवच्या वस्तींतल्या घरांशीं फारकत न घेतां उभीं आहेत. तेव्हां 'यांत यहुद्यांचें असें कांहीं नाहीं' हें बाह्यरूपाविषयीं बोलणें म्हणजे पाण्याला स्वतःचा आकार नाहीं म्हणून पाण्यावर रागावण्यासारखें आहे.

पण एक विसंगति आहे, आणि ती आम्हांस मोठी बोधक वाटते. ज्या वर्षांत पुण्याचें मंदिर बांधलें जात होतें त्याच सुमारास युरोपांतले श्रीमंत यहुदी आपलीं मंदिरें मुद्दाम पूर्वेकडील थाटाचीं, घुमटांचीं आणि मूर पद्धतीच्या कमानींचीं बांधीत होते. बुडापेस्टचें मोठें मंदिर १८५९ चें, बर्लिनचें १८६६ चें. गॉथिक घाट तेथें चर्चाचा. तो घेतला तर आपलें निराळेपण पुसून जाईल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून बर्लिनच्या पश्चिमी यहुद्यानें पूर्वेचा अंगरखा चढविला, आणि खऱ्या पूर्वेकडून, बगदादहून, आलेल्या यहुद्यानें पुण्यांत पश्चिमेचा कोट घातला! दोघांनाहि आपल्या भोंवतालच्या समाजांत कोठें बसावयाचें आहे, तें त्या वस्त्रानें सांगावयाचें होतें. बर्लिनकराला म्हणावयाचें होतें, 'मी तुमच्यांत असूनहि निराळा आहें.' लष्करांतल्या बगदादकराला म्हणावयाचें होतें, 'मी निराळा असूनहि राज्यकर्त्यांच्या ओळींतला आहें.' ही दुसरी इच्छा आम्हांस फारशी उदात्त वाटत नाहीं. पण ती लाल देवळाच्या मनोऱ्यावर स्पष्ट लिहिलेली आहे, आणि ती न वाचणें हें टीकाकाराचें काम नव्हे.

आतां आंत जाऊं. खरें परीक्षण आंतच व्हावयाचें आहे.

गॉथिक चर्चाची रचना ही एक प्रकारची वाटचाल असते. दारांतून पाऊल टाकलें कीं, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा, उंच निमुळत्या कमानी, खिडक्यांतून येणारा रंगीत उजेड, हीं सर्व मिळून डोळ्याला समोरच्या वेदीकडे ओढून नेतात. मध्यें थांबण्यास जागा नाहीं. सर्व ओढ टोंकाकडे. यहुदी मंदिराची रचना, निदान बगदादी आणि स्पेनी परंपरेची, याच्या उलट आहे. तीस दोन केंद्रें असतात. एक भिंतीला लागून असलेलें कपाट, ज्यास ते 'हेखाल' म्हणतात. त्यांत तोराच्या चर्मपत्राच्या गुंडाळ्या ठेवितात. भिंत यरुशलेमकडची, म्हणजे हिंदुस्थानांत पश्चिमेची. दुसरें केंद्र दिवाणखान्याच्या मध्यभागीं उंच केलेला चौथरा, त्यास 'तेबा' म्हणतात. तेथून ग्रंथाचें वाचन होतें. गुंडाळी कपाटांतून निघून लोकांमधून चौथऱ्यावर येते, वाचली जाते, आणि पुनः कपाटांत जाते. भक्तांचीं बाकें चौथऱ्याच्या भोंवतीं. म्हणजे येथें देवाकडे चालत जावयाचें नाहीं. शब्दच आपल्यामध्यें चालत यावयाचा. आमच्या कीर्तनाची बैठक ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हा भेद चटकन कळेल : बुवा मध्यें उभे आणि श्रोते सभोंवार, यांत आणि गाभाऱ्यापुढल्या रांगेंत जो फरक तोच येथें आहे.

लाल देवळांत या दोन रचना एकमेकींवर बसविलेल्या आहेत, आणि त्या पूर्णपणें जुळत नाहींत. खांब म्हणतात पुढें चला. चौथरा म्हणतो येथें थांबा. बाहेरून ज्याला हें चर्च वाटलें त्याचा भ्रम नेमका या चौथऱ्यापाशीं फुटतो. आम्हांस विचाराल तर या इमारतीचा सर्वांत मनोज्ञ भाग हाच आहे. घाट एका धर्माचा, वापर दुसऱ्या धर्माचा, आणि वापरानें घाटाला अडविलें आहे. जी वास्तु एकाच मनानें, एकाच शास्त्रानें बांधलेली असते ती अधिक सुंदर असेल. पण तींत असा वादविवाद ऐकूं येत नाहीं. सभागृहाच्या उंचीचा आणि रंगीत कांचांचा डौल ज्यांना दिपवितो त्यांनीं थोडा वेळ त्या चौथऱ्याकडे पाहत बसावें. वर स्त्रियांसाठीं सज्जा आहे. त्याबद्दल अधिक कांहीं सांगण्यासारखें नाहीं. सर्व जुन्या यहुदी मंदिरांत तो या ना त्या रूपानें असतोच.

मनोरा सुमारें नव्वद फूट उंच आहे आणि त्यावर लंडनहून आणविलेलें घड्याळ बसविलेलें आहे. चर्चाच्या मनोऱ्याला कारण असतें, तें घंटेचें. यहुदी प्रार्थनेला घंटा लागत नाहीं, बांगहि लागत नाहीं. वर्षाच्या आरंभीं शिंग फुंकतात तें आंतच. मग हा मनोरा कशासाठीं? प्रामाणिक उत्तर 'दिसण्यासाठीं' असेंच आहे. तथापि घड्याळानें त्या दिसण्याला कांहींसें प्रयोजन दिलें. कोचीनच्या मंदिराशेजारींहि १७६० पासून घड्याळाचा मनोरा आहे, आणि त्याच्या निरनिराळ्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिपींतले अंक आहेत, म्हणजे बाजारांत येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या अक्षरांत वेळ कळावी. पुण्याच्या घड्याळांत तो शेजारधर्म तितका उघड नाहीं. तरी ज्यांना आंत पाऊल टाकावयाचें नव्हतें अशा लष्करांतल्या शिंपी, बेकरीवाले, टांगेवाले यांनाहि त्या मंदिरापासून कांहीं तरी मिळे, आणि तें रोज मिळे.

राहिला प्रश्न 'पुण्याचें तर त्याहूनहि नाहीं' या आक्षेपाचा. येथें आमचें मत आक्षेपकांच्या अगदीं विरुद्ध आहे. विल्किन्सनें डेक्कन कॉलेज दगडाचें केलें, सचिवालय दगडाचें केलें. या मंदिरांत मात्र लाल वीट आणि काळा पाषाण यांचा मेळ घातला. हा मेळ त्यानें कोणत्या पुस्तकांतून उचलला याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. पुण्याच्या डोळ्याला तो ओळखीचा होता. शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे; आणि छत्रपति शाहूंनीं सर्व तट दगडी करूं दिला नाहीं म्हणून असें झालें, ही आख्यायिका सर्वांच्या कानांवर आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यांचें जोतें काळ्या घडीव दगडाचें आणि त्यावरलें काम विटांचें, हा तर पुण्याचा नेहमींचा प्रघात. फरक इतकाच कीं वाड्याची वीट बहुधा गिलाव्याखालीं लपे, लाल देवळाची वीट उघडी राहिली. म्हणून लोकांच्या तोंडीं जें नांव बसलें तें कमानीवरून नव्हे, मनोऱ्यावरून नव्हे, विटेवरून बसलें. ज्या अंशानें ही इमारत पुण्याची होती तो अंश पुण्यानें बरोबर ओळखला.

आवारांतल्या कबरीबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. यहुदी रीतीप्रमाणें स्मशान वस्तीपासून दूर असतें. याजक कुळांतल्या पुरुषांनीं तर कबरीजवळ जाऊंहि नये असा नियम आहे. मग मंदिराच्या दाराशींच दात्याची समाधि कां? कोणी म्हणेल, हें इंग्रजांच्या चर्चाच्या आवाराचें अनुकरण. आम्हांस त्यांत बगदाद अधिक दिसतें. इराकांत अल्-किफ्ल येथें यहेज्केल संदेष्ट्याची कबर मानतात, आणि तिला लागूनच यहुद्यांचें प्रार्थनामंदिर होतें; बगदादचे यहुदी तेथें यात्रेस जात. सत्पुरुषाच्या समाधीशेजारीं प्रार्थना करणें हें त्यांच्या लहानपणापासूनच्या अनुभवांतलें होतें. व्यापाऱ्याला संदेष्ट्याचा मान द्यावा कीं नाहीं हा प्रश्न निराळा. श्रीमंताच्या मुलांना बापाविषयीं असें वाटणें जगांत सर्वत्र आढळतें.

यानंतर जें लिहावयाचें तें कांहींसें कटु आहे. लाल देऊळ हें बगदादी यहुद्यांचें. बेने इस्राएल त्यांच्या आधीं कित्येक शतकें या देशांत नांदत होते. त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें अशी त्यांची परंपरा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनवारीं घाणा बंद, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांना 'शनवार तेली' म्हटलें. दिवेकर, केहीमकर, नवगांवकर, राजपूरकर अशीं त्यांचीं आडनांवें; 'नव्याचा सण', 'खिरीचा सण' अशीं त्यांच्या सणांचीं नांवें; एलियाहू संदेष्ट्याच्या नांवानें पोहे, गूळ, खोबरें यांचा मलिदा. मुंबई सरकारच्या पलटणींत शिपाईगिरी करीत ते घाटावर आले, आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. या मराठी बोलणाऱ्या बांधवांकडे बगदादहून आलेल्या श्रीमंतांनीं फारशा प्रेमानें पाहिलें नाहीं. १८३६ सालींच मुंबईच्या कबरस्तानांत आपल्या आणि त्यांच्या कबरींमध्यें भिंत घालावी असा अर्ज बगदादी मंडळींनीं सरकारकडे केला होता. पुढें कित्येक दशकें बेने इस्राएलांचें यहुदीपण शुद्ध आहे कीं नाहीं, त्यांना प्रार्थनेच्या दहांत मोजावें कीं नाहीं, असले वाद चालूच राहिले. ते स्वतंत्र इस्राएल देशापर्यंत जाऊन पोंचले, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें ते सर्वार्थानें यहुदी आहेत असें जाहीर करीपर्यंत मिटले नाहींत. शनवार पाळण्यासाठीं ज्यांनीं शतकानुशतकें घाणा बंद ठेवला त्यांना शुद्धतेचें प्रमाणपत्र मागावें, यासारखा उलटा न्याय नाहीं. आमच्याकडील जातिभेदाला नांवें ठेवणाऱ्या परकीयांनीं या प्रकरणाचाहि अभ्यास करावा. आणि हा रोग त्यांनीं आमच्याचकडून घेतला काय, याचा आम्हीं करावा.

याच काळांत पुण्याच्या बेने इस्राएलांनीं काय केलें? लाल देऊळ पुरें झाल्यावर सात वर्षांनीं, १८७४ त, पुण्यांत वल्हांडण सणाची 'हग्गादा' ही पोथी मूळ हिब्रू आणि मराठी भाषांतर अशी छापून निघाली. मुंबईंत अशी एक पोथी १८४६ सालींच छापली गेली होती. पुण्याच्या पोथींत चित्रें आहेत; त्यांत सणाची बेखमीर भाकर तयार करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. मिसर देशांतून सुटलेल्या लोकांची कथा, आणि ती सांगणाऱ्या घरांतल्या बायका आपल्या शेजारच्या वाड्यांतल्या बायकांसारख्या! १८८० च्या सुमारास त्यांनीं आपल्या धर्मग्रंथांतल्या कथांवर मराठी कीर्तनेंहि रचण्यास आणि करण्यास आरंभ केला. विटांच्या इमारतीशीं कागदाच्या पोथीची तुलना करणें कोणास विचित्र वाटेल. पण दोन्हींपुढें प्रश्न एकच होता : परक्या भूमींत आपला देव कोणत्या वेषांत ठेवावयाचा? इमारतीनें राज्यकर्त्याचा वेष निवडला, पोथीनें शेजाऱ्याचा. इमारत मोठी आहे, आणि रस्त्यावरून दिसते. पोथी अधिक धीट आहे, असें आमचें मत आहे.

बेने इस्राएलांनीं पुण्यांत आपलें स्वतःचें मंदिर बांधलें तें १९२१ त, रास्ते पेठेंत. 'सुक्काथ शेलोमो', म्हणजे शलमोनाचा मांडव. लष्करांतला तंबू दाविदाचा आणि पेठेंतला मांडव त्याच्या पुत्राचा. नांवांची ही जोडी जुळवून आणली असो वा आपोआप जुळलेली असो, ती सुंदर आहे. पेठेंतलें मंदिर लहान आहे, त्यास नव्वद फुटांचा मनोरा नाहीं, आणि त्याच्याविषयीं प्रवासी पुस्तकांत दोन ओळींहून अधिक मजकूर सांपडत नाहीं. पण ज्यांनीं तें बांधलें त्यांना तेथें जाण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती.

पुढें काळानें या वादाचा निकाल आपल्या रीतीनें लावला. १९४७ नंतर बगदादी यहुदी बहुतेक सर्व इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत निघून गेले. बेने इस्राएलांपैकींहि पुष्कळ जण १९४८ नंतर इस्राएलांत गेले. १९५१ सालीं या देशांत सुमारें सव्वीस हजार यहुदी होते, ते आज चार-पांच हजारांच्या घरांत आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य महाराष्ट्रांत आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. लाल देवळांत आज जे प्रार्थनेस जमतात ते मुख्यतः बेने इस्राएल आहेत. ज्यांना दहांत मोजण्याविषयीं शंका घेतली जात होती, त्यांच्या मोजणीवर आतां त्या चौथऱ्यावरचें वाचन अवलंबून आहे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर अशा सर्व मंदिरांवर पहारा आला; त्यामुळें आंत जाणाऱ्या परक्या माणसास आगाऊ परवानगी आणि ओळखपत्र लागतें. तें योग्यच आहे, पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं शहरानें ज्याला प्रेमानें देऊळ म्हटलें तें शहराला आतां फाटकाबाहेरूनच पाहावें लागतें.

अशा इमारतीची निगा कोणत्या तत्त्वानें राखावी, हा यापुढचा व्यावहारिक प्रश्न आहे. मुंबईचें १८८४ चें 'केनेसेथ एलियाहू' हें ससून घराण्याचेंच मंदिर २०१९ सालीं नीट दुरुस्त होऊन पुनः उघडलें. तेथें मागाहून चढविलेले रंग काढून मूळचे रंग शोधण्याची खटपट करावी लागली. लाल देवळाचें तसें नाहीं. त्याचा रंग हाच त्याचा देह आहे. त्या विटांवर कोणीं गिलावा चढवूं नये, तेलरंग तर मुळींच देऊं नये, आणि सांधे निखळतील तेव्हां ते सिमेंटानें भरूं नयेत. जुनी वीट आणि चुना हीं दोन्ही पावसाळ्यांत ओल घेतात आणि उन्हाळ्यांत सोडतात. सांध्यांत सिमेंट बसलें कीं ओलीला वाट राहत नाहीं, ती विटेंतूनच बाहेर पडूं पाहते, आणि विटेचें तोंड झडूं लागतें. चुना भिजवून, मुरवून, घाणींत मळून वापरणारे गवंडी आतां थोडे उरले आहेत. ते शोधण्याचा खर्च आणि त्रास थोड्याशा घरांच्या समाजावरच टाकणें न्याय्य नाहीं. ससूनच्या दारांत जीं माणसें शिक्रापूर, शिरूर, दौंडहून रोज उतरतात त्यांच्या सरकारनेंहि त्यांत आपला वांटा उचलावा.